फुगवलेल्या छपराचा हिशेब: ईटीएफईच्या उशा घ्याव्यात का?

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे ईडन प्रोजेक्टचे घुमट, म्युनिकचं रात्री लाल उजळणारं आलियान्झ अरेना, बीजिंगचा वॉटर क्यूब आणि कझाकस्तानात अस्ताना इथला दीडशे मीटर उंच तंबू, खान शातिर. या चार इमारतींचे फोटो बहुतेकांच्या पाहण्यात आलेले असतात. दिसायला एकीचं दुसरीशी काही नातं नाही, पण चौघींची कातडी एकाच मालाची आहे: ईटीएफई नावाच्या पातळ पारदर्शक फिल्मची, आत हवा भरून फुगवलेल्या उशांची. आपल्याकडे एखाद्या आर्किटेक्टने कॅम्पसच्या चौकावर किंवा मॉलच्या मोकळ्या भागावर हे छप्पर सुचवलं, तर पैसे मोजण्याआधी काय तपासावं, यासाठी हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. फिल्म फार चांगली आहे, तिच्यात खोट काढायला जागा थोडी. त्रास होतो तो उशी अडकवणाऱ्या कडेच्या पट्टीत, उशांत हवा भरणाऱ्या ब्लोअरमध्ये आणि पाण्याच्या निचऱ्यात. कोटेशनमध्ये फिल्मची दोन पानं आणि या तीन गोष्टींच्या दोन ओळी असतील, तर ते कोटेशन परत पाठवा.

ईटीएफई म्हणजे इथिलीन आणि टेट्राफ्लुओरोइथिलीन यांच्यापासून बनलेलं प्लॅस्टिक, तव्यावरच्या टेफ्लॉनचं चुलत भावंड. ड्यूपॉन्टने १९७०च्या दशकात ते टेफझेल या नावाने बाजारात आणलं. छपरासाठी त्याचा वापर सुरू झाला तो १९८२मध्ये, नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात. काम जर्मनीच्या व्हेक्टर फॉइलटेकचं. या कंपनीची टेक्सलॉन ही प्रणाली आजही सर्वांत जास्त ऐकू येते. फिल्मची घनता घनसेंटिमीटरला १.७५ ग्रॅम, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर फिल्म भरते सुमारे ४४० ग्रॅम. वरचा आणि खालचा थर पाव मिलिमीटरचा, मधला ०.१ मिलिमीटरचा धरला, तर तीन थरांची उशी चौरस मीटरला किलोभराच्या थोडी वर जाते. सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचांचं नुसतं काचेचं वजन ३० किलो. प्रकाश नव्वद टक्क्यांच्या वर आत येतो, आणि सोबत अतिनील किरणंही येतात. साधी काच ती बरीचशी अडवते, म्हणून ईडनमधली झाडं आणि न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या २०११ सालच्या स्टेडियमच्या कायमच्या छपराखालचं खरं गवत या फिल्मखाली वाढतं. उन्हाने ती पिवळी पडत नाही. पॉलिकार्बोनेट पत्रा वापरलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

हलकेपणाचा खरा फायदा खालच्या पोलादात दिसतो. ईडनची जागा म्हणजे चिनीमातीची खाण होती आणि डिझाइन चालू असताना तिथे खोदकाम सुरूच होतं. जमिनीची शेवटची पातळी कोणालाच ठाऊक नव्हती. निकोलस ग्रिमशॉ यांच्या कार्यालयाने आणि अँथनी हंट यांच्या इंजिनिअरांनी साबणाच्या फुग्यांसारखे एकमेकांत मिसळणारे घुमट घेतले, कारण फुगा कुठल्याही उंचसखल जमिनीवर टेकवता येतो, खालचा भाग जमीन जसा कापेल तसा कापायचा. मार्च २००१मध्ये ते खुले झाले. सर्वांत मोठे षटकोन ११ मीटर रुंद आहेत. एवढ्या आकाराची काच एका तुकड्यात मिळत नाही. लहान काचा जोडायच्या म्हटल्या तर मधे आणखी पोलाद, त्याचं वजन पेलायला आणखी पोलाद, आणि आतल्या झाडांवर त्या सगळ्याची सावली. न्यूयॉर्कच्या ‘द शेड’ या कलाकेंद्राचं बाहेरचं कवच रुळांवरून सरकतं, २०१९पासून सरकतं आहे. तेही याच फिल्ममुळे परवडलं.

आता उशी वारा कशी पेलते ते नीट समजून घेऊ, कारण सगळे निर्णय इथून निघतात. आतला दाब साधारण २५० पास्कल असतो, २५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. सायकलच्या ट्यूबमधला दाब याच्या हजारपट असतो. या हवेवर छप्पर ‘उभं’ नसतं. हवेचं काम फिल्मला ताण देण्याचं, भार नेते ती ताणलेली फिल्म. भारतीय मानकात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आहे आणि मुंबईचा ४४. वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणलं की दाब मिळतो: पुण्याला सुमारे ९१० पास्कल, मुंबईला ११६०. कोपरे, उंची, भूभाग यांचे गुणक त्यावर आणखी. म्हणजे वारा आतल्या दाबाच्या चार-पाच पट. छपराला वरून उचल बसते, म्हणजे वारा ते वर खेचतो, तेव्हा वरचा थर सगळा भार घेतो आणि खालचा सैलावतो. वारा वरून दाबतो तेव्हा उलट होतं. दोन्ही थर दोन्ही वेळी काम करतात असं मानून केलेला हिशेब चुकीचा.

फिल्ममधला ताण म्हणजे दाब गुणिले वक्रतेची त्रिज्या. तीन मीटर रुंदीची लांबट उशी आणि वरच्या थराचा फुगवटा ४५ सेंटिमीटर धरा. त्रिज्या येते २.७ मीटर. मुंबईची उचल आणि आतला दाब मिळून १.४ किलोपास्कल धरले, तर दर मीटरला ३.८ किलोन्यूटन ओढ, आणि पाव मिलिमीटर फिल्ममध्ये चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन ताण. आता तीच उशी दिसायला सपाट हवी म्हणून फुगवटा २० सेंटिमीटरवर आणा. त्रिज्या ५.७ मीटर होते आणि ताण ३२ न्यूटन. फिल्म साधारण १५ ते २०च्या पुढे कायमची ताणली जाऊ लागते. तुटणार नाही, कारण तुटण्याआधी ती लांबीच्या तिप्पट-चौपट ताणते. पण वादळ ओसरल्यावर उशी ढिली राहील, सुरकुत्या पडतील आणि पुढच्या पावसात त्याच सुरकुत्यांत पाणी बसेल. आर्किटेक्टला सपाट रेघ आवडते हे खरं, तरी फुगवटा रुंदीच्या १२ ते १५ टक्क्यांखाली नेऊ देऊ नका. रुंदी जास्त हवी असेल तर फिल्मखाली-वर पोलादी केबलची जाळी घ्यावी लागते.

याच गणितातून एक अशी गोष्ट निघते जी फॅब्रिकेटरच्या लक्षात उशिरा येते. मधल्या पोलादी तुळईवर दोन बाजूंच्या उशा विरुद्ध दिशांना ओढतात, ओढ फिटते. सर्वांत बाहेरच्या तुळईवर ओढ एकाच बाजूने असते. वरच्या उदाहरणात ती आडवी ओढ दर मीटरला ३०० किलोहून जास्त भरते, दहा मीटर लांबीवर तीन टनांच्या वर. ‘छप्पर हलकं आहे’ म्हणून कडेची तुळई बारीक घेतली, की ती आतल्या बाजूला वाकते, उशी सैल होते आणि पट्टीतून पाणी शिरतं. मधलं पोलाद वाचवा, कडेचं वाचवू नका.

ही पट्टी जवळून पाहण्यासारखी असते. फिल्मची कड एका बारीक दोरीवरून दुमडून गरम करून चिकटवलेली असते, गादीच्या कडेला शिंपी पायपिंग लावतो तशी. तिला कीडर म्हणतात. ही जाड कड अॅल्युमिनियमच्या खाचेत सरकवायची. खाचेचं तोंड दोरीपेक्षा अरुंद, त्यामुळे फिल्म कितीही ओढली तरी कड निसटत नाही. ओढ जितकी वाढेल तितकी पकड घट्ट. खाचेखाली रबराची पट्टी, वर स्क्रूने बसवलेलं झाकण, आणि झाकणाखाली आणखी रबर. फिल्मला कुठेही भोक पाडायचं नाही. पाणी झिरपतं ते बहुतेक वेळा जिथे दोन-तीन पट्ट्या एकत्र येतात त्या सांध्यावर, कारण तिथे रबर जागेवर कापून बसवलेलं असतं. षटकोनी नक्षी सुंदर, पण असे सांधे वाढवते. पैसे मोजके असतील तर लांबट आयताकृती उशा घ्या. सांधे कमी आणि प्रत्येक सांधा एकसारखा.

कारखान्यात फिल्म साधारण दीड मीटर रुंदीच्या रोलमध्ये येते. गोलाई मिळावी म्हणून कपड्यासारखे तुकडे कापून वेल्ड करतात. हे वेल्ड खालून रेघांसारखे दिसतात, तेव्हा रेघा कुठे येणार याचा नकाशा आधीच मागून घ्या. जागेवरचा क्रम मात्र कोणत्याही परिस्थितीत मोडायचा नाही. आधी पोलाद पूर्ण, त्यावरचं सगळं वेल्डिंग आणि ग्राइंडिंग पूर्ण, रंग वाळलेला. मग अॅल्युमिनियमची खाच, तिच्या कडांवर बोट फिरवून टोकं घासून काढलेली. मग हवेचे पाइप आणि चालू झालेला ब्लोअर. उशा सर्वांत शेवटी. वेल्डिंगची एक ठिणगी फिल्मवर पडली की टाचणीएवढं भोक, आणि अशी वीस भोकं एकेक शोधत बसण्यात दिवस जातो. लिफ्टवाल्याचं किंवा स्प्रिंकलरवाल्याचं वर काम राहिलेलं असताना उशा चढवल्या, तर हेच होतं. ब्लोअरची वीज आली नाही म्हणून उशी बसवून न फुगवता ठेवली, तर वाऱ्यात ती फडफडते आणि तासा-दोन तासांत कडेजवळ चुरगळून कमकुवत होते. तात्पुरता का होईना, वीजपुरवठा उशांच्या आधी हवा. चढवताना खाली सुरक्षा जाळी, आणि फिल्म गुंडाळी करून न्यायची, इस्त्रीसारख्या घड्या दाबून नाही.

ब्लोअरच्या पेटीत दोन पंखे असतात, एक चालू आणि एक राखीव. सोबत फिल्टर, हवा कोरडी करणारं यंत्र आणि दाब मोजणारा सेन्सर. विजेचा खर्च नगण्य असतो, कारण हवा सतत खेळवायची नसते, फक्त गळती भरून काढायची असते. हवा कोरडी करणाऱ्या यंत्रावर मात्र तडजोड करू नका. कोकणात, मुंबईत पावसाळ्याची दमट हवा तशीच आत भरली तर रात्री फिल्म थंड झाल्यावर आत पाणी सुटतं, त्यात धूळ मिसळते आणि मग शेवाळ धरतं. उशीच्या आतून पुसायला हात पोचत नाही. ते बाहेर काढायला उशीच बदलावी लागते. फिल्टर दर तीन महिन्यांनी पाहा, पावसाळ्याआधी नवा घाला, आणि पेटी गच्चीवर उन्हात न ठेवता सावलीत, माणूस उभा राहून काम करू शकेल अशा जागी ठेवा.

वीज गेली तर? परतझडप, म्हणजे हवा उलटी बाहेर जाऊ न देणारी झडप, चांगली असेल तर उशी काही तास दाब टिकवते. तेवढ्यात जनरेटर सुरू झाला पाहिजे. मोठा धोका मुसळधार पाऊस आणि बसलेली उशी एकत्र येण्याचा. तीन मीटर गुणिले दहा मीटरची उशी घ्या. फिल्मचं स्वतःचं वजन तीसेक किलो. खोलगट झालेल्या फिल्मवर सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ३,००० किलो. पाणी जितकं साचेल तितकी फिल्म खाली जाते, खाली गेली की आणखी साचतं. हे थांबवायला तीन उपाय एकत्र हवेत: छपराला ढाळ, रुंद उशांच्या खाली आधाराच्या केबल, आणि दाब घसरताच माणसाच्या फोनवर जाणारी सूचना. पन्हाळीची मापंही उदार ठेवा. मिनिआपोलिसच्या यूएस बँक स्टेडियमवर (२०१६) उशांचा उतार दक्षिणेकडे तीव्र ठेवला आहे, आणि घसरून येणारा बर्फ गरम केलेल्या पन्हाळीत वितळतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण पानं, पिसं आणि माती घेऊन येणारा जूनचा पहिला पाऊस पन्हाळीला तितकाच जड जातो.

आवाजाबद्दल विक्रेते कमी बोलतात. ताणलेल्या फिल्मवर पावसाचे थेंब पडले की ती चक्क वाजते. ज्या सभागृहात भाषण, गाणं किंवा शिकवणं चालणार तिथे हे छप्पर सुचवणं चूक आहे, आणि चार महिने पावसाच्या प्रदेशात तर दुप्पट चूक. वरून बारीक जाळी अंथरली तर थेंब फुटतात आणि आवाज बराच उतरतो, पण प्रकाशही थोडा जातो आणि जाळीत कचरा अडकतो. फिल्म बाहेरचा आवाजही अडवत नाही, तेव्हा रेल्वेलगतच्या किंवा हायवेच्या कडेच्या इमारतीला ती नको. एक चांगली बाजू आहे. आतला आवाजही बाहेर निघून जातो, म्हणून मोठ्या तरणतलावात किंवा बाजारात काचेखाली होतो तसा गोंगाट घुमत नाही.

उष्णतेचं काय, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. तीन थरांची उशी उष्णता वाहून जायला दुहेरी काचेच्या जवळपास अडथळा करते. पण ऊन सरळ आत येतं. नागपूर-जळगावच्या एप्रिलमध्ये कोऱ्या पारदर्शक उशीखाली बंद जागा म्हणजे हरितगृह. वरच्या थरावर चंदेरी ठिपके छापून घेतात, आणि ठिपके किती दाट यावर ऊन किती अडेल ते ठरतं. आपल्याकडे मी निम्म्याहून जास्त पृष्ठ झाकणारे ठिपके मागेन आणि बाजू उघड्या ठेवून गरम हवा वरून जायला वाट ठेवेन. याहून हुशार सोय लंडनच्या किंग्सडेल शाळेत २००४पासून आहे. वरच्या आणि मधल्या थरावर उलटसुलट नक्षी छापलेली, मधल्या थराच्या वरखालचा दाब बदलला की तो वर जाऊन चिकटतो, नक्षी जुळते आणि सावली पडते. खाली आला की पुन्हा उजेड. बार्सिलोनाच्या मीडिया-टिक इमारतीत एन्रिक रुइझ-गेली यांनी एका बाजूला असेच हलते थर आणि दुसऱ्या बाजूच्या उशांत नायट्रोजनचं धुकं सोडण्याची योजना केली. पाहायला विलक्षण, मात्र झडपा, सेन्सर आणि पाइप दुप्पट होतात. सांभाळणारा माणूस पगारावर नसेल तर छापील ठिपक्यांवर समाधान मानावं.

खान शातिरची अडचण उलटी. तिथे हिवाळ्यात तापमान उणे ३५ अंशांपर्यंत उतरतं, आणि आतल्या बाजूला बर्फ धरू नये म्हणून गरम हवेचे झोत फिल्मच्या आतल्या अंगाने वर सोडतात. वॉटर क्यूबमध्ये भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे उशांचे दोन पडदे आहेत, मधे काही मीटरची पोकळी, आणि पोलादाचा सांगाडा त्या पोकळीत. आतल्या पोहण्याच्या तलावाच्या दमट, क्लोरीनयुक्त हवेपासून आणि बाहेरच्या पावसापासून पोलाद दोन्हीकडून वाचतं. त्याची फेसासारखी नक्षी डब्लिनच्या डेनिस वेअर आणि रॉबर्ट फेलन यांनी १९९३मध्ये मांडलेल्या रचनेवरून घेतली आहे. एवढ्या गोष्टी एका निर्णयात साधलेल्या इमारती फार थोड्या. या सगळ्या यादीत माझ्या मते तीच पहिली.

फिल्म गुळगुळीत असल्याने धूळ पावसाने धुऊन जाते, हा दावा युरोपात खरा आहे कारण तिथे वर्षभर पाऊस पडतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे धूळ बसूनच राहणार. उतारावरून दोरीने उतरून पाण्याने धुवायचं, साबण सौम्य, ब्रश मऊ. त्यासाठी दोरी अडकवायच्या कड्या पोलादावर सुरुवातीलाच लावून घ्या, नंतर लावायच्या तर वेल्डिंग आलं आणि ठिणग्या आल्या. पक्षी चोच मारतात ते बसायला जागा मिळाली की, म्हणून पट्टीच्या झाकणावर बारीक तारा ताणतात. फाटलं तर छोट्या भोकाला त्याच फिल्मची चिकटपट्टी ठिगळ म्हणून लागते आणि वर्षानुवर्षं टिकते. हातभर चीर गेली तर उशी बदलायची. माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर, म्हणजे अडीच-तीन मीटरच्या खाली, ही फिल्म लावूच नका.

आगीत ही फिल्म सुमारे २७० अंशांना वितळते आणि ज्वाळेपासून मागे सरकते. माल मुळात इतका कमी की खाली पडायला फारसं काही नसतं. धूर भोकातून वर जातो, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून धुराच्या खिडक्या कमी करू नका. छोटी, थंड आग फिल्मला भोक पाडण्याइतकी तापतच नाही. पर्यावरणाच्या बाजूने एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत हवी. ईटीएफई हे फ्लोरिनयुक्त बहुवारिक (पॉलिमर) आहे, आणि युरोपात २०२३मध्ये मांडल्या गेलेल्या पीएफएएस, म्हणजे निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त, रसायनांवरच्या व्यापक निर्बंधांच्या प्रस्तावात असा मालही येतो. वितळवून त्याचा पुन्हा वापर होतो, पण बहुधा पाइप आणि झडपांसाठी.

घरच्या चार-पाच मीटरच्या चौकासाठी हे घेऊ नका. तिथे ब्लोअर, जनरेटर आणि वार्षिक देखभाल पोसण्यात अर्थ नाही, लॅमिनेटेड काच किंवा दर काही वर्षांनी बदलायचा पॉलिकार्बोनेट पत्रा पुरे. हजार चौरस मीटरच्या पुढे, आधाराचे खांब कमी हवे असतील, खाली झाडं किंवा गवत असेल आणि देखभालीला कायम माणूस असेल, तर मात्र यासारखं दुसरं काही नाही. करारात वाऱ्याचा हिशेब, कडेच्या तुळईचं डिझाइन, दाब घसरल्यावर उशी किती तास टिकेल याची जागेवर घेतलेली चाचणी आणि प्रत्येक मापाची एक-एक तयार सुटी उशी लिहून घ्या. आणि उशांचे कटिंग पॅटर्न, म्हणजे तुकडे कापायच्या संगणकीय फाइली, मालकाच्या ताब्यात द्यायला सांगा. दहा वर्षांनी पुरवठादार बदलला तर त्या फाइलींशिवाय नवी उशी शिवण्यासाठी वर चढून सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात.